वाचकांचे प्रश्न : नॅनोनळ्यांची एक्स-रे ट्यूब

मागच्या अंकात कॅन्सर संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या एका वेगळ्या एक्स-रे ट्यूबची ओळख करून दिली होती. तिच्यात तापवलेल्या तारेऐवजी कार्बनच्या नॅनोनळ्या इलेक्ट्रॉन सोडतात. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : एक्स-रे ट्यूब शंभराहून जास्त वर्षांची. त्यात ‘नॅनो’ नेमके कुठे आहे? की नुसते नाव?
– एम.एस्सी. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

फक्त कॅथोडमध्ये. बाकीची रचना १९१३ साली कूलिजने केलेल्या ट्यूबसारखीच आहे. निर्वात पोकळी, एका टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, दुसऱ्या टोकाला टंगस्टनचा अॅनोड आणि दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक. कूलिजने टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापवली आणि त्या उष्णतेने इलेक्ट्रॉन बाहेर काढले. नॅनोनळ्यांच्या कॅथोडला तापवावे लागत नाही. तिथे इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने खेचून काढतात.

एरवी धातूतून असा इलेक्ट्रॉन ओढायला दर मायक्रॉनला काही हजार व्होल्ट इतके प्रचंड क्षेत्र लागते. पण टोकदार वस्तूच्या टोकाशी क्षेत्र एकवटते. देवळाच्या कळसावरच्या तडितरोधकाचे काम याच तत्त्वावर चालते. नॅनोनळीची जाडी काही नॅनोमीटर आणि लांबी काही मायक्रॉन, त्यामुळे तिच्या टोकाशी क्षेत्र हजारपट किंवा त्याहूनही जास्त वाढते. म्हणून बाहेरून दर मायक्रॉनला पाच-सहा व्होल्ट दिले तरी पुरतात. कॅथोडपासून १५० मायक्रॉनवर टंगस्टनची बारीक जाळी बसवायची आणि तिला हजारभर व्होल्ट द्यायचे, की इलेक्ट्रॉन सुटतात. या जाळीला गेट म्हणतात.

फायदा दुहेरी आहे. तार तापण्या-निवण्याची वाट पाहावी लागत नाही, गेटचे व्होल्टेज चालू-बंद केले की किरणही चालू-बंद होतात. गरम तारेच्या ट्यूबमध्येही ग्रिड लावून हे साधता येते, पण एकाच निर्वात पेटीत ओळीने डझनावारी कॅथोड बसवून प्रत्येकाला स्वतंत्र बटण देणे तापलेल्या तारांनी फार अवघड. नॅनोनळ्यांना ते सहज जमते. उंदराचे हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके देते, म्हणजे एक ठोका सुमारे १०० मिलिसेकंदांचा. त्यातला ठरावीक क्षणच टिपायचा तर किरण १५-२० मिलिसेकंदांपुरतेच हवेत, तेही प्रत्येक ठोक्याला त्याच ठिकाणी. अशा कामाला ही ट्यूब फार उपयोगी पडते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील ओटो झू, जियानपिंग लू, शा चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली शरीराच्या प्रतिमा काढता येतील इतका प्रवाह अशा कॅथोडमधून मिळवून दाखवला. पुढे लहान प्राण्यांचे सीटी आणि किरणोपचाराचे प्रयोग या दोन्ही वाटा तिथूनच निघाल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अॅनोडवर जे घडते त्यात काहीच बदल नाही. १६० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतला जेमतेम एक टक्का एक्स-रे होतो आणि उरलेली सगळी उष्णता. ट्यूब किती जोरात चालवता येईल हे बहुतेक वेळा अॅनोड ठरवतो, नॅनोनळ्या नव्हे.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आम्ही नॅनोनळ्यांचा कॅथोड बनवून निर्वात पात्रात तपासला. पहिल्या दिवशी प्रवाह उत्तम, तिसऱ्या दिवशी निम्म्यावर, नंतर ठिणगी पडून कॅथोड गेला. कुठे चुकते?
– इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक, सांगली

पहिल्या दिवशीच्या त्या उत्तम प्रवाहावर विसंबू नका. नळ्यांच्या टोकांना हवेतली वाफ चिकटलेली असते आणि तिच्यामुळे इलेक्ट्रॉन जास्त सहज सुटतात. कॅथोड तापला की ती वाफ उडून जाते आणि खरा प्रवाह दिसतो. म्हणून कोणताही आकडा वहीत लिहिण्याआधी कॅथोड काही तास चालवून ‘बसवून’ घ्या.

आता बनवण्याकडे वळू. तुम्ही नळ्या पेस्टमध्ये कालवून पत्र्यावर लावल्या असे पत्रात म्हटले आहे. तसे केले तर नळ्यांची पकड ढिली राहते. हजार व्होल्टच्या ओढीने सुटी नळी उडते आणि गेटच्या जाळीला चिकटते, आणि तिथूनच ठिणगी पडते. विद्युत-संचयाची पद्धत यापेक्षा भरवशाची आहे. आम्लाने स्वच्छ केलेल्या नळ्या अल्कोहोलमध्ये घ्या. त्यात चिमूटभर मॅग्नेशियम क्लोराइड आणि काचेची अगदी बारीक पूड घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये नीट मिसळा. मॅग्नेशियमच्या या क्षारामुळे नळ्यांना धनभार मिळतो. कॅथोडचा पत्रा ऋण टोकाला जोडून द्रावणात बुडवला की नळ्या आणि काच एकसारख्या थराने त्यावर बसतात. थर वाळवून निर्वातात सुमारे ५०० अंशांना भाजा. काच मऊ होऊन नळ्यांची बुडे पकडते. हे हवेत करू नका, त्या तापमानाला नळ्या जळून जातात. शेवटी थरावर चिकटपट्टी दाबून ओढून काढा. ढिल्या नळ्या पट्टीबरोबर निघून जातात, पक्क्या बसलेल्या उभ्या राहतात. उलट वाटले तरी थर ओरबाडल्यावरच कॅथोड चांगला चालतो.

दुसरी चूक गेटच्या अंतरात असावी. प्रवाह क्षेत्राबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, घातांकी वाढतो. क्षेत्र पाच टक्क्यांनी वाढले तर प्रवाह जवळपास दुप्पट होतो. १५० मायक्रॉनच्या अंतरात पाच टक्के म्हणजे साडेसात मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. जाळीला इतकासा पोक आला तरी त्या जागेच्या नळ्या दुप्पट प्रवाह वाहतात, आधी जळतात आणि जाताना ठिणगी पाडतात. जाळी चौकटीवर ताणून बसवा. अंतर राखायला अभ्रकाचा तुकडा न वापरता घासून सपाट केलेली सिरॅमिकची पट्टी वापरा, कारण अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

तिसरी गोष्ट निर्वाताची. कॅथोड चालू असतानाही दाब दहाचा उणे सातवा घात टॉर किंवा त्याहून कमी हवा. दाब जास्त असेल तर इलेक्ट्रॉन उरलेल्या वायूचे आयन करतात आणि ते आयन उलटे येऊन नळ्यांची टोके झिजवतात. तिसऱ्या दिवशीची घसरण बहुधा यातलीच. केवळ रोटरी पंपावर हा प्रयोग होत नाही. टर्बो पंप हवा आणि पात्र रात्रभर गरम ठेवून वाळवायला हवे.

चालवण्याचा क्रम असा ठेवा. कॅथोडच्या वाटेत १०० किलोओमचा रोधक घाला, म्हणजे एक मिलिअँपिअरला १०० व्होल्ट तिथेच पडतील आणि अचानक वाढलेला प्रवाह आपोआप आवरेल. सुरुवात सलग प्रवाहाने करू नका. काही मिलिसेकंदांचे पल्स द्या आणि एकूण वेळेच्या एक-दोन टक्केच चालू ठेवा. गेट २५ व्होल्टच्या पायऱ्यांनी चढवा. पायरी चढल्यावर दाब उसळला तर तो खाली येईपर्यंत तिथेच थांबा. काही दिवसांनी तोच प्रवाह मिळवायला गेट थोडे वर न्यावे लागेल, ते साहजिक आहे. म्हणूनच व्होल्टेज स्थिर न ठेवता प्रवाह स्थिर ठेवणारे मंडल लावतात.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत याचे चालते मॉडेल करता येईल का?
– विज्ञान शिक्षक, सातारा

एक्स-रे निघतील असे मॉडेल करू नका. निर्वात नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट दिले की काच भेदून बाहेर पडणारे किरण तयार होऊ शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय आपल्याकडे एक्स-रे देणारे कोणतेही उपकरण चालवायला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते. यातले मूळ तत्त्व मुलांना सुरक्षितपणे दाखवता येते. व्हॅन डी ग्राफ जनित्राच्या गोळ्याला जोडलेली सुई आणि जोडलेला गुळगुळीत चेंडू यांचा भार किती वेगाने गळतो, ते विद्युतदर्शीवर शेजारी शेजारी दाखवा.

प्रश्न : वडिलांना घशाच्या कॅन्सरसाठी ‘लाईट’ चालू आहे. पस्तीसपैकी बारा झाले आहेत. नॅनोट्यूबच्या मशीनने त्रास कमी होतो असे व्हिडिओत पाहिले. ती मशीन कुठे मिळेल? तोवर आताचे लाईट थांबवावेत का?
– एक वाचक, बीड

थांबवू नका. हे सर्वांत आधी. घशाच्या कॅन्सरमध्ये पस्तीस लाईट म्हणजे बहुधा सात आठवड्यांत ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) असा क्रम असतो आणि तो वेळेत पुरा होणे फार महत्त्वाचे असते. मधल्या खंडात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी वेगाने वाढतात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते असा किरणोपचारातला अनुभव आहे. तोंड आले असेल, गिळायला त्रास होत असेल तर तो त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. दुखणे कमी करणारी औषधे, पातळ आहार आणि गरज पडल्यास नाकातून नळी यांची सोय होते. सुट्टी घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

व्हिडिओतल्या ट्यूबने रुग्णावर उपचार होत नाहीत. किरणोपचाराच्या दिशेने तिचे जे काम झाले आहे ते पेशींवर आणि उंदरांवर. वडिलांची मशीन लिनॅक (इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन एक्स-रे काढणारे यंत्र) असेल तर तिचे किरण साधारण ६० लाख व्होल्टचे, कोबाल्टची असेल (आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची भाभाट्रॉन त्याच जातीची) तर सरासरी साडेबारा लाखांचे. नॅनोनळ्यांची प्रायोगिक ट्यूब दीड-पावणेदोन लाखांच्या घरात चालते. तिचे किरण शरीरात तीन-चार सेंटिमीटर जाईपर्यंत निम्मे होतात. सगळ्यात जास्त मारा कातडीवर होतो आणि वाटेतले हाड मऊ भागाच्या कित्येक पट डोस खाते. लिनॅकच्या किरणांचा जोर कातडीखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर सर्वाधिक असतो आणि दहा सेंटिमीटर खोलवरही त्यातला दोनतृतीयांश भाग पोचतो. तुमच्या वडिलांसाठी आज जी मशीन चालू आहे तीच योग्य आहे. ते तेवीस लाईट वेळेवर पुरे होवोत.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत १६० किलोव्होल्टच्या नॅनोनळ्यांच्या ट्यूबखाली सहा-वेलच्या (सहा वाट्यांच्या) प्लेटमध्ये पेशींना २ ग्रे देतो. डोस-रेट वाढावा म्हणून फिल्टर काढला आहे. त्याच पेशी, तीच वेळ, तोच कॅथोड-प्रवाह, तरी जगलेल्या पेशींपासून वाढलेल्या वसाहतींची संख्या एका खेपेला ६० टक्के आणि पुढच्या खेपेला ४० टक्के येते. जीवशास्त्रातली चूक की यंत्रातली?
– कर्करोग जीवशास्त्राच्या संशोधक, नवी मुंबई

तुमच्या पत्रातच दोन दुवे आहेत, फिल्टर (किरणांच्या वाटेतला धातूचा पातळ पत्रा) आणि ‘कॅथोड-प्रवाह’. दोन्ही यंत्राकडे बोट दाखवतात.

आधी प्रवाह. कॅथोडमधून निघालेले सगळे इलेक्ट्रॉन अॅनोडपर्यंत पोचत नाहीत. साधारण एकतृतीयांश गेटची जाळीच गिळते, आणि हा वाटा गेटचे व्होल्टेज व जाळीची स्थिती यांप्रमाणे बदलतो. कॅथोड जुना होईल तसे नियंत्रक मंडल गेट वर नेते. मीटरवर कॅथोड-प्रवाह तोच दिसतो आणि अॅनोडवर पोचणारा वेगळा असतो. पेशींना मिळणारा डोस अॅनोड-प्रवाहाशी बांधलेला आहे. अॅनोड-प्रवाहाचा स्वतंत्र मीटर लावा आणि तोच नोंदवा. शक्य असेल तर किरणांच्या वाटेत पातळ, आरपार जाऊ देणारा आयनीकरण कक्ष (किरणांनी हवेत तयार झालेला विद्युतभार मोजून डोस सांगणारे उपकरण) ठेवा. वेळेवर न थांबता त्या कक्षाच्या मोजणीवर ट्यूब बंद करा. आमच्या मते एवढी एक सुधारणा निम्म्याहून अधिक गोंधळ मिटवील.

आता फिल्टर. १६० किलोव्होल्ट हा कमाल आकडा आहे. फिल्टर नसेल तर झोतात १०-२० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे मऊ किरणही भरपूर राहतात आणि ते माध्यमाच्या (पेशींवरच्या पोषक द्रवाच्या) थरातच अडकतात. तुमच्या वेलचे क्षेत्रफळ सुमारे साडेनऊ चौरस सेंटिमीटर आहे. दोन मिलिलिटर माध्यम घातले की पेशींवर जवळपास २.१ मिलिमीटर पाणी चढते. त्यातून १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे ३३ टक्के किरण खाली पोचतात, २० चे ८४ टक्के, ६० चे ९६ टक्के. एखाद्या विद्यार्थ्याने सवयीने तीन मिलिलिटर घातले तर हेच आकडे १९, ७८ आणि ९४ होतात. कठीण किरणांना एक मिलिलिटरचा फरक जाणवत नाही, मऊ किरणांना फार जाणवतो. वेलच्या कडेला माध्यम चढते आणि मध्ये खळगा पडतो, त्यामुळे एकाच वेलमध्येही डोस सारखा राहत नाही.

उपाय : पाव मिलिमीटर तांबे लावा आणि त्याच्याखाली, पेशींच्या बाजूने, एक मिलिमीटर अॅल्युमिनियम. क्रम उलटा करू नका. तांबे स्वतः ८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण सोडते आणि ते अडवायला अॅल्युमिनियम खाली हवे. डोस-रेट पडेल, प्रयोगाला वेळ लागेल. तो लागू द्या. फिल्टरविना मिळालेला झटपट डोस नेमका किती होता हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

अंतर. १५ सेंटिमीटरवर प्लेट ठेवली आणि ती ५ मिलिमीटरने वरखाली झाली तर डोस साडेसहा-सात टक्क्यांनी बदलतो. ३० सेंटिमीटरवर तोच बदल सव्वातीन टक्क्यांवर येतो. प्लेटसाठी खाच कोरलेला अॅक्रिलिकचा ट्रे करून घ्या. प्लेट हाताने अंदाजे ठेवू नका.

प्लेटखाली काय आहे हेही पाहा. या ऊर्जेला खालून परतणारे किरण एकूण डोसचा मोठा हिस्सा असतात. प्लेट जाळीच्या फळीवर ठेवली तर डोस एक, पाच सेंटिमीटर जाड अॅक्रिलिकवर ठेवली तर वेगळा, स्टीलच्या तळावर ठेवली तर आणखी वेगळा. अॅक्रिलिकची एक लादी कायमची ठरवा आणि डोसही त्याच लादीवर मोजा. हवेत टांगलेल्या कक्षाने घेतलेला आकडा थेट पेशींना लावू नका. कक्षाचे प्रमाणीकरण तुमच्या झोताच्या अर्धमूल्य-जाडीला (झोत निम्मा करायला लागणाऱ्या धातूच्या जाडीला) केलेले हवे, ते लिनॅकचे किंवा कोबाल्टचे चालणार नाही.

झोत सपाट आहे का हे तपासायला रेडिओक्रोमिक फिल्म (किरण पडले की गडद होणारी) प्लेटच्या मापाची कापा आणि रिकाम्या प्लेटच्या तळाशी ठेवून किरण द्या. अॅनोडच्या बाजूचे वेल फिके आले तर तो अॅनोडच्या उताराचा परिणाम. कडेचे वेल वगळा, किंवा निम्म्या वेळेनंतर प्लेट १८० अंशांत फिरवा. फिल्म त्याच दिवशी वाचू नका, तिचा रंग गडद होत राहतो. प्रत्येक वेळी २४ तासांनीच आणि स्कॅनरवर एकाच दिशेने ठेवून वाचा.

जीवशास्त्राच्या बाजूने एकच तपासणी सुचवतो. किरण न दिलेली नियंत्रण-प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवू नका. तीही ट्यूबपर्यंत न्या, तेवढाच वेळ बंद ट्यूबखाली ठेवा आणि परत आणा. अर्धा तास थंड पडल्याने आणि माध्यमातला कार्बन डायऑक्साइड उडाल्यानेही वसाहती घटतात. पन्नास पेशींहून लहान ठिपका वसाहत म्हणून मोजू नका.

प्रश्न : या ट्यूबने ‘पट्ट्यापट्ट्यांचे’ किरण देतात आणि निरोगी भाग वाचतो असे वाचले. अर्ध्या भागाला किरणच दिले नाहीत तर गाठ मरते कशी? आणि हा डोस मोजायचा कसा?
– वैद्यकीय भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर

याची पाळेमुळे अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आहेत. १९६१ साली झेमान, कर्टिस आणि बेकर यांनी उंदराच्या मेंदूत ड्युटेरॉनचे (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे) झोत सोडले. एक मिलिमीटर रुंद झोताने १४० ग्रेला ऊतक नष्ट झाले. तेच २५ मायक्रॉन रुंद झोताने ४००० ग्रे दिले तर वाटेतल्या चेतापेशी गेल्या, पण ऊतकाची घडण टिकून राहिली. पट्टी पुरेशी अरुंद असेल तर शेजारच्या अबाधित पेशी आणि केशवाहिन्या तिची डागडुजी करतात. गाठीतल्या वाहिन्या कच्च्या आणि वेड्यावाकड्या असतात, त्यांना ही डागडुजी तितकीशी साधत नाही. गाठ मरण्यामागे एवढे एकच कारण नाही. पट्टीतल्या पेशींकडून शेजाऱ्यांना जाणारे संदेश आणि प्रतिकारशक्तीचा वाटा यांवर अजून अभ्यास चालू आहे.

पुढे हे काम सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन मोठ्या वर्तुळात फिरवून एक्स-रे काढणाऱ्या यंत्रावर) गेले, कारण इतका तीव्र आणि समांतर झोत तिथेच मिळतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनचा परीघ ८४४ मीटर आहे. तसे यंत्र विद्यापीठाच्या खोलीत मावणार नाही, म्हणून चॅपल हिलच्या गटाने नॅनोनळ्यांचे कॅथोड लांब रेषेत मांडून अॅनोडवर अरुंद, लांबट केंद्ररेषा तयार केली. उष्णता लांबीभर पसरते आणि अरुंद बाजूने पाहिले तर स्रोत बारीक दिसतो. खाली टंगस्टनची फट ठेवली की सुमारे ३०० मायक्रॉन रुंद पट्टी मिळते. प्राणी ९०० मायक्रॉनने सरकवत एकेक पट्टी द्यायची.

अडचण डोस-रेटची आहे. सिंक्रोट्रॉन जे क्षणार्धात देतो त्याला इथे मिनिटे लागतात. मिनिटाला सव्वा ग्रे धरला तर ५० ग्रेच्या एका पट्टीला ४० मिनिटे. तेवढ्या वेळात भूल दिलेला उंदीर हजारो वेळा श्वास घेतो, शरीर हलते आणि पट्टीच्या कडा पुसट होतात. कडा पुसट झाल्या की मधल्या ‘दरी’त डोस सांडतो, आणि निरोगी भाग वाचणार तो दरीतला डोस कमी असेल तरच. म्हणून श्वासाचा संकेत घेऊन उंदीर स्थिर असतानाच गेट उघडतात. गरम तारेच्या साध्या ट्यूबला हे जमले नसते. फटीचा कलही जपावा लागतो. समजा फट ०.२ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर खोल आहे, तर जेमतेम दीड अंश कलली तरी ती पूर्ण मिटते.

मोजण्याविषयी. नेहमीचा ‘फार्मर’ नावाचा आयनीकरण कक्ष इथे वापरू नका. त्याची पोकळी सहा मिलिमीटरच्या घरात, म्हणजे सहा-सात पट्ट्या आणि तितक्याच दऱ्या एकत्र मोजून तो सरासरी देतो. शिखर (पट्टीतला डोस) ४८ ग्रे आणि दरी ३ ग्रे असेल तर सरासरी १८ येते, आणि १८ ग्रे तर कुठल्याच पेशीला मिळालेले नसतात. अहवालात शिखर आणि दरी दोन्ही वेगळे लिहा. फिल्म वापरा, पण स्कॅनरचे रिझोल्युशन पाहा. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) एक ठिपका ३५० मायक्रॉनचा होतो, पट्टीपेक्षाही रुंद. १२०० डीपीआयला तो २१ मायक्रॉनचा होतो, तिथून पुढेच काम सुरू करा. शिखर आणि दरी एकाच फिल्मवर नीट वाचता येत नाहीत. दोन वेगळ्या फिल्म घ्या, एक थोडा वेळ शिखरासाठी आणि दुसरी बराच वेळ दरीसाठी. दुसरीवर पट्टी काळीकुट्ट होईल, ती सोडून फक्त मधला भाग वाचा.